तबकडीची प्रतिमा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत, एका पत्र्याच्या शेडखालीं, माझ्या एका स्नेह्यांचें लहानसें वर्कशॉप आहे. चाकणच्या मोटार-कारखान्यांना लागणारे बारीकसारीक भाग तेथें होतात. गेल्या उन्हाळ्यांत त्यांच्या एका जुन्या यंत्राचा संगणक बंद पडला. तसाच दुसरा जुना संगणक मिळाला. परंतु यंत्र चालविणारी आज्ञावली ज्या तबकडीवर होती, ती पंधरा वर्षें कपाटांत पडलेली तबकडी त्याला वाचतां येईना. यंत्र उभें, कामाची तारीख जवळ आलेली! तबकडी घेऊन ते निगडीला घरीं आले, तों मुलाच्या नव्या संगणकाला तबकडी घालण्याची जागाच नाहीं. त्या रात्रीं आमचें जें बोलणें झालें, तेंच आज थोडें विस्तारानें सांगणार आहें.

श्रोतेहो, तबकडी दिसावयाला आरशासारखी सपाट. परंतु तिच्यावर आंतून बाहेर वळत जाणारी एक अखंड रेघ असते. सीडीवरील ही रेघ उलगडली तर पांच किलोमीटरांहून अधिक भरेल. तिचे सारखे तुकडे पाडलेले असून प्रत्येकांत २,०४८ बाइट माहिती बसते. ८० मिनिटांच्या सीडीवर असे ३,६०,००० तुकडे. हे तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच क्रमानें एका फाईलींत उतरविले, कीं झाली त्या तबकडीची प्रतिमा. प्रतिमा म्हटली तरी हें चित्र नव्हे. तिच्या नांवापुढें बहुधा 'आयएसओ' हीं अक्षरें असतात. तबकडीवर फाईली कशा मांडाव्या याचें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ सालीं ठरलें. त्याचा क्रमांक आयएसओ ९६६०, त्यावरून हें नांव.

मग नुसत्या फाईलीच उतरवून घेतल्या तर काय बिघडतें? लग्नाचीं छायाचित्रें असतील तर कांहींच नाहीं. परंतु सुटे भाग टेंपोंत (आकुर्डीच्या कारखान्यामुळेंच हा शब्द आपल्या तोंडीं बसला) भरून नेले म्हणजे मोटार नेली असें होत नाहीं. संगणक ज्यावरून सुरू होतो तो आरंभीचा भाग, तबकडीला दिलेलें नांव, हें फाईलींच्या नकलेंत येत नाहीं, प्रतिमेंत येतें. आणि कित्येक आज्ञावल्या आपली तबकडी नांवानें हुडकतात.

प्रतिमा काढण्यासाठीं तबकडी वाचणारें साधन एकदां तरी पाहिजेच. यूएसबीच्या तारेनें जोडावयाचें असें साधन बाजारांत मिळतें. लिनक्समध्यें याकरितां 'डीडी' ही आज्ञा आहे. विंडोजमध्यें निराळी आज्ञावली घ्यावी लागते. आमच्या स्नेह्यांची तबकडी यंत्र विकणाऱ्यानें जाळून दिलेली होती. अशा तबकडींत रंगद्रव्याचा पातळ थर असतो व ऊन आणि उष्णता यांनीं तो विटत जातो. पत्र्याखालीं वैशाखांत काय होत असेल तें निराळें सांगावयास नको! शिवाय सीडीचा खरा जीव चकचकीत बाजूस नसून नांव लिहावयाच्या बाजूच्या अगदीं खालीं असतो; तेथें बॉलपेन दाबून लिहिणें हें आपल्या हातानें ओरखडा पाडणें होय. पुसावयाची झाल्यास मऊ फडक्यानें मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे. तशी पुसल्यावर दुसऱ्या खेपेस ती तबकडी नव्या साधनानें पूर्ण वाचली.

विकत घेतलेल्या आज्ञावलीची अशी राखीव प्रत ठेवण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची मुभा आहे. शेजारच्या शेडला वांटण्यास मात्र ती नाहीं. गाण्याच्या सीडीला आयएसओ उपयोगी पडत नाहीं, तिची मांडणी वेगळी असते.

आतां 'माउंट' करणें. जॉब यंत्रावर चढवावा, तशी ही प्रतिमा संगणकावर चढवावयाची. मग संगणक तिला खरी तबकडीच समजतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून फाईलीवर दोनदां टिचकी मारली कीं नव्या अक्षराची एक तबकडी दिसूं लागते. तीवरील मजकूर वाचतां येतो, बदलतां येत नाहीं. काम झाल्यावर 'इजेक्ट' म्हणावें. फाईल जागच्या जागीं राहते. जाळण्यापूर्वीं प्रतिमा ठीक आहे कीं नाहीं हें असें चढवून अवश्य पाहावें. आम्हीं पाहिलें, सर्व फाईली उघडल्या.

राहिलें जाळणें. येथें बहुतेकांची एक चूक होते, आणि आमच्या स्नेह्यांचीही झाली. त्यांनीं ती फाईल साध्या नकलेप्रमाणें कोऱ्या तबकडीवर टाकली. तबकडींत निघाली एकच फाईल; जुना संगणक तिचें काय करणार? प्रतिमा जाळावयाची ती तिच्यांतील तुकडे तबकडीवर पुनः जागच्या जागीं बसतील अशी. २००९ च्या विंडोज ७ पासून फाईलीवर उजवी कळ दाबली असतां 'बर्न डिस्क इमेज' हा पर्याय मिळतो. वेग कमी ठेवावा, आणि जाळून झाल्यावर पडताळणी करण्याची खूण आधींच करून ठेवावी. डीव्हीडीची प्रतिमा सीडीवर मावणार नाहीं, हेंही पाहावें.

दुसरी तबकडी जुन्या संगणकानें वाचली, आणि दुपारच्या पाळीला यंत्र सुरू झालें. मूळ तबकडी आतां निगडीच्या घरीं कपड्यांच्या कपाटांत असते. भोसरीला जाते ती जाळलेली प्रत, आणि प्रतिमेची फाईल दोन ठिकाणीं ठेवली आहे.