पावतीचे बळ

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख कर्जखतांवर होता. ती जाळली गेली. पुढे १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकरी ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला.

आजचा ऋणको साक्षर आहे. तरीही दूरध्वनीवरील दरडावणीपुढे तो गांगरतो. लोकलज्जेचे भय हेच लबाड वसुलीदाराचे भांडवल होय. देणे नाकारणे हा त्यावरील उपाय नव्हे. देणे कोणाचे, किती व कशाच्या आधारे, हे लेखी मागणे हा खरा उपाय. अधिकारपत्र न दाखविणाऱ्याच्या हाती रोकड देऊ नये. रक्कम थेट धनकोच्या खात्यात भरावी व पावती जपावी. सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये मनाई केली. बँकेने ३० दिवसांत तक्रारीची दाद न घेतल्यास लोकपालाकडे जाता येते. खाजगी सावकाराने केलेला छळ तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार गुन्हाच आहे.

कर्ज फेडणे हे कर्तव्य खरे. परंतु अब्रू कोणत्याही कर्जास तारण दिलेली नसते.