हिरड्यांतून रक्त येते?

चाळिशीतल्या माणसाचे दात हलू लागले की आपण म्हणतो, "वय झालं. केस पिकतेत, तसे दात पडतेत." आमच्या भोकर भागात हे बोलणे घरोघरी ऐकू येते. पण ते खरे नाही. केस पिकणे हा रोग नव्हे. दात हलणे हे बहुधा रोगाचे लक्षण असते. तो रोग दाताचा नव्हे, हिरडीचा असतो. लोक त्याला पायरिया म्हणतात. तो वेळीच ओळखला तर थांबवता येतो. तो ओळखावा कसा आणि डॉक्टरकडे कधी जावे, ते आपण पाहू.

खुंटा का हलतो?

बैलाचा खुंटा भोवतीच्या घट्ट जमिनीमुळे उभा राहतो. माती निघून गेली की चांगल्या लाकडाचा खुंटाही हलतो. दाताचे तसेच आहे. दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रोवलेले असते. वरून हिरडीचे पांघरूण असते. पायरियात हे भोवतीचे हाड झिजते. म्हणून न किडलेला, दिसायला धडधाकट दातही पडतो.

रोग सुरू कसा होतो?

दातांवर रोज एक चिकट थर बसतो. त्यात जंतू असतात. थर रोज काढला नाही तर हिरडी लाल होते, सुजते. दात घासताना रक्त येते. पुढे तो थर कडक होतो. रांजणाच्या आत पाण्याचा पांढरा थर धरतो ना, तसाच. त्याला कीटण म्हणतात. कीटण घासून निघत नाही. जंतू हळूहळू हिरडीखाली उतरतात. हिरडी दातापासून सुटते आणि आत हाड झिजू लागते.

हे सारे होताना बहुतेकदा दुखत नाही. हाच मोठा धोका आहे. "दुखत न्हाई, मग दवाखान्यात कशाला जायचं? एक दिवसाची मजुरी बुडंल," असे आपण म्हणतो. दुखू लागेपर्यंत पुष्कळ हाड गेलेले असते.

रक्त ही पहिली हाक

डेन्मार्क देशातील ऑर्हूस या गावी हारल्ड लो नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग केला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या हिरड्यांच्या १२ माणसांनी दात साफ करणे बंद केले. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा दात साफ करायला सुरुवात केली. आठवडाभरात हिरड्या बऱ्या झाल्या.

यातून काय कळते? नुसती सूज आणि रक्त आहे तोवर हिरडी पूर्ववत होते. पण एकदा हाड झिजले की ते बहुधा पहिल्यासारखे भरत नाही. मग पुढची झीज थांबवणे एवढेच मुख्यतः हाती राहते. म्हणून रक्त दिसले की जागे व्हावे.

पुष्कळ लोक उलटे करतात. "रक्त यायलंय" म्हणून घासणेच सोडतात. त्यामुळे रोग वाढतो. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण घासत राहावे.

मिसरी, साखर आणि बाळंतपण

आयाबाया मिसरी लावतात. लावली की बरे वाटते. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होत नाहीत. हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाची भीती वाढते. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्याला वाटते, आपले ठीक आहे. आत रोग वाढत असतो.

साखरेचा आजार असणाऱ्याला पायरिया लवकर धरतो. पायरियामुळे रक्तातील साखरही आवरत नाही. दोन्हींचा इलाज बरोबर करावा.

गरोदर बाईच्या हिरड्या लवकर सुजतात. तिने घासणे सोडू नये. डॉक्टरांना दात दाखवावेत, दिवस गेल्याचे सांगावे.

डॉक्टरकडे कधी जावे?

ही लक्षणे दिसली तर दातांच्या डॉक्टरांकडे जावे :

१. नीट घासूनही दोन आठवडे रक्त थांबत नाही.
२. तोंडाला सतत घाण वास येतो.
३. हिरडी मागे सरून दात लांब दिसू लागतात.
४. हिरडीतून पू येतो.
५. दात हलतात किंवा त्यांच्यात नव्या फटी पडतात.

चेहरा किंवा मान सुजून ताप आला, गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर तोही दाखवावा.

डॉक्टर बारीक सळईने हिरडी व दात यांमधली फट मोजतात. फट ३ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे मोजपट्टीच्या ३ बारीक घरांएवढी, असेल तर ठीक. ती फार खोल असेल, दात हलत असेल, किंवा कीटण काढूनही रोग हटत नसेल, तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जावे लागते. हे डॉक्टर दातांचे शिक्षण संपवून पुढे ३ वर्षे हिरड्यांचा अभ्यास करतात. ते मुळावरचे कीटण काढतात. गरज पडली तर हिरडी उघडून आतून साफ करतात.

आधी भोकरच्या सरकारी दवाखान्यात विचारावे. पुढे नांदेडला आणि लातूरला दंत महाविद्यालये आहेत. छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. भोकरहून नांदेडला एस.टी. जाते, रेल्वेही जाते.

कीटण काढल्याने दात ढिले होतात का?

नाही. कीटण निघाल्यावर फटी दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबते. पण ती फट आधीचीच असते. कीटणाने ती झाकलेली असते.

घरी काय करावे?

सकाळी आणि रात्री झोपताना दात घासावेत. आतली बाजूही घासावी. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी वापरायची तर चावून मऊ करावी, हिरडीला ओरबाडू नये. राख, कोळसा, विटकरीची भुकटी लावू नये. मिसरी सोडावी.

आज रात्री दात घासून थुंकी पाहा. घरच्या माणसांनाही पाहायला सांगा. लाल दिसली तर वयाला दोष देऊ नका. दात हलण्याची वाट पाहू नका.