चटणीला मानांकन, मुंगीला जाळ

ओडिशातल्या मयूरभंजच्या 'काई' या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्या मुंग्यांवर पाककृतींचा पाऊस पडला. सोबत औषधी गुणांचे दावेही आले. करोनावर हीच चटणी द्या, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2021 मध्ये ती फेटाळली गेली, हे बरंच झालं. चटणीशी माझं भांडण नाही, गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींच्या जेवणातही ती असते. पण या मुंगीचं खरं मोल ताटात नाही, झाडावर आहे.

ही आपली ओंबील. आंब्या-काजूच्या बागेत पानं जोडून घर करणारी आणि फांदीला हात लागला की चावणारी. नांगी नसते, चावा घेऊन त्यावर फॉर्मिक आम्ल सोडते, म्हणून आग होते. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये तिची नोंद केली ती 'फॉर्मिका' या सरसकट खात्यात. फ्रेडरिक स्मिथने 1860 मध्ये 'ईकोफिला' ही वेगळी प्रजाती मांडली. तिच्यात आज हयात जाती दोनच मानतात: आफ्रिकेतली लाँगिनोडा आणि भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली स्मॅराग्डिना. नामशेष जाती मात्र डझनाहून जास्त, त्यातल्या काही बाल्टिक अंबरात सापडलेल्या. म्हणजे हे घराणं एकेकाळी युरोपातही नांदत होतं. स्मॅराग्डिनाचं पोट ऑस्ट्रेलियात हिरवं, आपल्याकडे तांबूस. जनुकीय अभ्यासातही भारतीय मुंग्यांची शाखा वेगळी निघते. 'एकच जात' हा शिक्का फार काळ टिकेल असं मला वाटत नाही.

घर बांधायची रीत तर अजब. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात आणि पानांच्या कडा जवळ ओढतात. रेशीम मात्र त्यांच्याकडे नसतं, ते अळ्यांकडे. मग अळी जबड्यात धरून ती धोट्यासारखी या कडेवरून त्या कडेवर फिरवायची. अळी स्वतःसाठी कोश विणत नाही. तिचं रेशीम घराला जातं.

मुंग्यांचे अभ्यासक बर्ट होल्डॉब्लर आणि ई. ओ. विल्सन यांनी 1970च्या दशकात आफ्रिकी जातीचा अभ्यास केला. एका वसाहतीत पाच लाखांपर्यंत मुंग्या, घरटी अनेक झाडांवर, आणि अन्न, नवी जागा, शत्रू अशा प्रत्येक कामासाठी वेगळा संकेत. सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे हद्दीवरच्या घरट्यांत म्हाताऱ्या कामकरी राहतात. लढाईत पहिल्या मरतात त्याच.

अशा पहाऱ्यातही घुसखोर असतातच. हुबेहूब ओंबिलीसारखा दिसणारा उडी मारणारा कोळी आहे. लिफायरा फुलपाखराची अळी तर घरट्यात राहून मुंग्यांचीच पिल्लं खाते.

बागायतदारांना हे सगळं जुनंच. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात, असं इ.स. 304 चा मानल्या जाणाऱ्या ग्रंथात लिहिलं आहे. कीटकांकरवी कीड आवरण्याची ही सर्वांत जुनी लेखी नोंद समजतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये जिथे ओंबिली भरपूर, तिथल्या आंब्यांना फळमाशीचा त्रास कमी आढळला. उत्तर ऑस्ट्रेलियात काजूवरचा ढेकण्या त्यांनी आटोक्यात ठेवला.

आणि कोकणात? दिसलं घरटं की पेटवा चूड, नाहीतर मारा फवारा. बागायतदाराची बाजूही खोटी नाही. ओंबिली मधुरसासाठी खवले कीड आणि पिठ्या ढेकूण सांभाळतात, आणि काढणीच्या वेळी गडी झाडावर चढायला तयार होत नाही. ऑस्ट्रेलियात यावर तोडगे निघाले: शत्रू वसाहतींमधल्या जुळलेल्या फांद्या छाटायच्या, खवले किडीवर सौम्य औषध वापरायचं, काढणीआधी झाडावर पाणी मारायचं. यातलं काहीही आपल्याकडे अशक्य नाही. बागेच्या एका कोपऱ्यातली पाच-दहा झाडं एक हंगाम ओंबिलींच्या ताब्यात द्या आणि फळमाशीचा हिशेब शेजारच्या फवारलेल्या झाडांशी ताडून पाहा. मानांकनाच्या कागदापेक्षा तो हिशेब कोकणाच्या जास्त कामाचा ठरेल.