कुऱ्हाडीआधी झाडाचे नाव

पुसद तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या झाडाची बातमी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असेल. रेल्वेमार्गासाठी जमीन गेली, जमिनीबरोबर झाडही गेले. झाड रक्तचंदनाचे आहे असे धरून भरपाईची मागणी कोटींत पोहोचली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि रेल्वेला एक कोटी रुपये जमा करावे लागले. पुढे बंगळुरूच्या काष्ठविज्ञान संस्थेत तपासणी झाली, तेव्हा ते निघाले बिजासाल. किंमत जेमतेम ११ हजार रुपये.

चहाच्या टपरीवर यावर खूप हसे झाले. पण त्यात हसण्यासारखे काही नाही. रक्तचंदन आणि बिजा ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सख्खी भावंडे. दोघांच्या सालीवर घाव घातला की लाल डिंक पाझरतो, दोघांची शेंग चपटी, गोल, कडेने पंखासारखी पातळ. फरक बघायचा तो पानात. रक्तचंदनाच्या पानाला बहुधा तीन पर्णिका, बिजाला पाच ते सात. शिवाय रक्तचंदन मूळचे आंध्राच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतले; बिजा मात्र आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात साग आणि ऐनाच्या सोबतीने वाढणारा, घरचाच.

नावाबरोबर झाडाची किंमत बदलली, एवढीच चर्चा झाली. नावाबरोबर कायदाही बदलतो, याबद्दल कुणी फारसे बोलले नाही. ‘माझी जमीन, माझे झाड’ असे म्हणून लोक कुऱ्हाड उचलतात, आणि नंतर कागद गोळा करत फिरतात.

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीतली झाडे स्वतःच्या शेतात, धुऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, ऐन, तिवस, हळदू, अंजन, किंजळ, खारफुटी आणि आपला बिजा. यादी वाचली की लक्षात येते, यातली निम्मी झाडे कोरपना-जिवतीच्या कुठल्याही शेतात सापडतील. मोहाचे तर सांगायलाच नको. त्याच्या फुलांवर आणि टोळीच्या तेलावर इथली कितीतरी घरे उन्हाळा काढतात. उलट वड, पिंपळ आणि कडुलिंब, ज्यांना हात लावायला माणूस कचरतो, ते या अनुसूचीत नाहीत.

पण हा झाला खेड्यातला हिशेब. गडचांदूर नगर परिषदेच्या हद्दीत घर असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, आणि तिथे जात विचारली जात नाही. अंगणातला कडुलिंबही आला, गुलमोहरही आला. तोडणे म्हणजे फक्त कुऱ्हाड नव्हे. जाळणे किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात मोडते. खोडाभोवतीची साल गोल सोलून ठेवायची आणि ‘आपोआप वाळले’ म्हणायचे, ही युक्ती जुनी आहे. कायद्याला ती ठाऊक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. त्यामुळे आजोबांनी लावलेल्या झाडाचा विचार वेगळा करावा लागतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. शेतमालक आदिवासी असेल तर झाडे विकण्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्याने कोलाम किंवा गोंड शेतकऱ्याच्या हातावर थोडे पैसे टेकवून साग उभा उचलू नये, म्हणून तो केला गेला. अशा वेळी व्यापाऱ्याशी बोलण्याआधी तहसील गाठावी. आणि तोडीची परवानगी मिळाली म्हणजे लाकूड ट्रॅक्टरवर घालता येते असेही नाही. वाहतुकीचा परवाना वेगळा असतो.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांचा यात काय संबंध? संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट दाखल्याची. ‘शेजारच्या झाडामुळे आईला दमा होतो असे लिहून द्या’ अशी विनंती सरकारी दवाखान्यात अधूनमधून होते. असा दाखला मी देत नाही. परागकणांची ॲलर्जी असते, हे खरे. पण वाऱ्यावरचे परागकण कुंपण ओळखत नाहीत. एक झाड पाडल्याने हवा बदलत नाही. गडचांदुरात दम्याच्या रुग्णाला मी आधी चुलीचा धूर, बिडी आणि रस्त्यावरची धूळ याबद्दल विचारतो. सिमेंटची धूळ अडवणारी पानेच आपण कमी करायला निघालो, तर खोकला कमी होईल असे मला वाटत नाही. आणि डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे तोडीची परवानगी नव्हे.

झाड खरोखर घरावर झुकले असेल, बुंधा पोखरलेला असेल, तर प्रश्न वेगळा. मग फोटो काढून लेखी अर्ज द्यावा. शहरात नगर परिषदेकडे, खेड्यात वनपरिक्षेत्र कार्यालयात. जवळून तार जात असेल तर आधी वीज बंद करून घ्यावी. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या छाटताना पडून पाठीचा कणा मोडलेला माणूस आयुष्यभर खाटेवर राहतो, हे आम्ही डोळ्यांनी बघतो.

दुसरी वाट पुन्हा बिजाकडे नेते. मधुमेहाचे रुग्ण बिजाच्या लाकडाचा पेला घेऊन येतात. रात्रभर पाणी ठेवले की ते तपकिरी होते आणि उजेडात धरल्यावर निळसर चमकते. बघणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या झाडाच्या अर्काची नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांवर चाचणी केली होती, १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बऱ्याच जणांची साखर आटोक्यात आली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि दिला होता तो मोजून दिलेला अर्क, पेल्यातले पाणी नव्हे. या पाण्यापायी गोळ्या बंद करून साखर चारशेवर घेऊन आलेले रुग्ण दाखल करावे लागतात.

पेला विकत घेण्यापर्यंत ठीक, पण काही जण थेट जंगलातल्या किंवा बांधावरच्या बिजाची साल आणि लाकूड काढून आणतात. त्यातही नावाचा घोळ आहेच. बिजाला काही ठिकाणी बिबळा म्हणतात, आणि बिब्बा हे सर्वस्वी वेगळे झाड. त्याच्या तेलाने अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. कुणी झाडपाल्याचे काही सांगितले, तर त्या झाडाची पानाफुलांसह फांदी वनरक्षकाला किंवा कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी, आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे यावे. तोवर गोळ्या चालू ठेवाव्यात.