मेक्सिकोची मातीची भांडी आणि झिलईतील शिसे

मेक्सिकोतील पारंपरिक स्वयंपाकघरात मातीच्या प्रत्येक भांड्याला त्याचे ठरलेले काम असते. घेवड्याचे दाणे शिजवण्यासाठी उभट आणि पोटाशी फुगीर 'ओया', मिरच्या, सुकामेवा व मसाले वाटून केलेल्या 'मोले' या दाट रश्श्यासाठी पसरट 'कासुएला', मक्याच्या तोर्तिया भाजण्यासाठी सपाट 'कोमाल', तर कॉफी किंवा चॉकलेट पिण्यासाठी कान असलेला लहानसा 'हारितो'. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही भांडी शेजारच्या मेक्सिकन दुकानात सहज दिसतात आणि मेक्सिकोला जाऊन आलेले पर्यटक ती हौसेने घरी आणतात. ती 'मुरवून' कशी घ्यावीत, तडकू नयेत म्हणून काय करावे, याची माहिती विक्रेतेही आपुलकीने देतात. मात्र भांडे सांभाळणे वेगळे आणि त्या भांड्यातले अन्न खाणाऱ्यांना सांभाळणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाली, तर तिची किंमत घरातील लहान मुलांना मोजावी लागते.

या भांड्यांत ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली बिनझिलईची. ओहाका राज्यातील सान मार्कोस त्लापासोला या गावातील सापोतेक स्त्रिया चाकाशिवाय, हातानेच लाल मातीची भांडी घडवतात, दगडाने घासून ती गुळगुळीत करतात आणि मग भाजतात. त्या भांड्यांची मंद चमक घासण्यातून आलेली असते. त्यावर कोणताही लेप नसतो. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या भूमीवरील भांडी अशीच, झिलईविना होत असत. दुसरी जात झिलईदार, काचेसारखी चकाकणारी. ही विद्या सोळाव्या शतकात स्पॅनिश कारागिरांबरोबर आली आणि पुढे मिचोआकान, ओहाका, पुएब्ला अशा अनेक राज्यांतील कुंभारांच्या पोटापाण्याचा आधार झाली.

नवे भांडे थेट चुलीवर चढवायचे नाही, हा नियम दोन्ही जातींना लागू आहे. विकत घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. बद्द आवाज आला, तर कुठेतरी तडा आहे असे समजावे. घरी आणल्यावर ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात. बाहेरच्या कोऱ्या तळाला लसणाची पाकळी चोळण्याची प्रथा अनेक घरांत आहे. मग पाणी भरून, अगदी मंद आचेवर, ते बरेचसे आटेपर्यंत ठेवायचे आणि भांडे आपोआप निवू द्यायचे. बिनझिलईच्या भांड्यात साध्या पाण्याऐवजी पिठाचे पाणी किंवा दूध उकळतात. त्यातील पिष्ट किंवा प्रथिने मातीच्या रंध्रांत बसतात आणि पाझर कमी होतो. कोमालची तऱ्हा निराळी आहे. त्यावर पाण्यात कालवलेल्या चुन्याचा पातळ हात देतात, म्हणजे तोर्तिया चिकटत नाही. चुना झिजला की पुन्हा हात द्यायचा. खानदेशात खापरावर मांडे भाजणाऱ्यांना मातीच्या पृष्ठभागाचे हे लाड नव्याने सांगायला नकोत.

माती उष्णतेची मंद वाहक आहे. तळ तापला तरी काठ थंडच असतो, एक भाग प्रसरण पावतो, दुसरा पावत नाही आणि या ताणातून तडा जातो. चिनी मातीची बशी विस्तवावर लगेच फुटते, पण हे भांडे टिकते. त्याचे कारण कमी आचेवर भाजलेल्या त्याच्या सच्छिद्र, वाळू मिसळलेल्या मातीत आहे. बारीक रंध्रे आणि वाळूचे कण यांच्यापाशी तड्याची वाढ अडते. तरीही आच हळूहळूच वाढवावी, रिकामे भांडे तापवू नये, गॅसच्या शेगडीवर मध्ये धातूची जाळी ठेवावी. इंडक्शनच्या शेगडीवर ते चालणारच नाही. गरम भांड्यात गार पाणी ओतणे तर सर्वांत घातक. मेक्सिकोतील जुन्या गृहिणींनी यावर सुरेख तोडगा काढला आहे. घेवड्याच्या ओयावर झाकण म्हणून पाण्याने भरलेली लहान कासुएला ठेवायची. खालच्या वाफेने ते पाणी तापत राहते आणि आतले पाणी आटले की तेच ओतायचे.

धुण्याच्या बाबतीत बिनझिलईचे भांडे जरा नाजूक. साबण रंध्रांत शिरतो आणि पुढच्या जेवणात उतरतो. त्यामुळे गरम पाणी आणि काथ्यासारखा तंतूंचा घासणा पुरे. धुतलेले भांडे पूर्ण वाळू द्यावे आणि झाकण न लावता ठेवावे, नाहीतर बुरशी धरते. बुरशी आलीच, तर घासून, पाणी उकळून, उन्हात वाळवावे.

इथवर भांड्याची काळजी झाली. खरी अडचण झिलईत आहे. काचेचा मूळ घटक असलेली सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. लाकडावर चालणारा गावातला आवा साधारण ८०० ते १,००० अंशांच्या आसपास पोहोचतो. एवढ्या कमी उष्णतेत झिलई वितळावी म्हणून कुंभार त्यात शिशाचे ऑक्साइड मिसळतात. मेक्सिकोत त्याला 'ग्रेता' म्हणतात. ते स्वस्त असते, वापरायला सोपे असते आणि चमकही देखणी येते. परंतु कमी आचेवर भाजलेल्या झिलईत सगळे शिसे काचेत पक्के बांधले जात नाही. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांसारखे आंबट पदार्थ त्यात शिजले किंवा नुसते साठवून ठेवले, तरी शिसे अन्नात उतरते. आपल्याकडे कल्हई उडाली की भांडे बाजूला काढतात. शिशाच्या झिलईला हा हिशेब लागू नाही. ती पूर्ण शाबूत असतानाही शिसे सोडते. भांडे मुरवल्याने त्यात फरक पडत नाही. लसूण, चुना, दूध यांतील कशानेही शिसे निघून जात नाही. अन्नाला ना वेगळा वास येतो, ना चव बदलते. (याच ग्रेताची पूड पोटदुखीवरचे घरगुती औषध म्हणून मुलांना देण्याची प्रथाही मेक्सिकोत होती, हे वाचून अंगावर काटा येतो.)

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. मुलांची बुद्धी, एकाग्रता आणि वर्तन यांवर त्याचा परिणाम होतो. गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचते. त्याची कोणतीही पातळी सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेक्सिकोच्या २०१८च्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात, एक लाखाहून कमी वस्तीच्या गावांतील एक ते चार वर्षांच्या दर पाच मुलांमागे सुमारे एकाच्या रक्तात, प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले. अमेरिकेने तर २०२१ मध्ये आपली संदर्भपातळी ५ वरून ३.५ वर आणली. मेक्सिकोतील या विषबाधेमागे झिलईदार भांडी हे एक प्रमुख कारण मानले जाते. कुंभारांची मुले त्यात दुहेरी भरडली जातात, कारण झिलई घरातच कालवली जाते.

यात कुंभाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे, पण अन्यायाचे आहे. बोरॉनवर आधारित शिसेमुक्त झिलई उपलब्ध आहे आणि फोनार्त ही सरकारी हस्तकला संस्था १९९०च्या दशकापासून तिचा प्रसार करत आली आहे. मात्र नव्या झिलईसाठी आव्याची आच नीट सांभाळावी लागते, जुन्या आव्याच्या भिंतींत मुरलेले शिसे नव्या भांड्यांनाही लागते आणि गिऱ्हाईक जुनीच चमक मागते. 'बार्रो आप्रोबादो', म्हणजे 'पसंत माती', या उपक्रमात शिसेमुक्त भांडी घडवणारे कुंभार आणि ती वापरणारी उपाहारगृहे यांना मान्यता दिली जाते. सरकारी मानकानेही झिलईदार भांड्यांतून उतरणाऱ्या शिशावर मर्यादा घातली आहे, परंतु गावच्या बाजारात ती मोजणार कोण?

मग ओळखायचे कसे? नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. 'शिसेमुक्त' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या काही भांड्यांतही शिसे सापडल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोंदवले आहे. बाजारात मिळणारा चाचणीचा बोळा पृष्ठभागावर घासला असता शिसे असल्यास गुलाबी किंवा लाल होतो. रंग आला तर शिसे असण्याची शक्यता मोठी. आला नाही, तर भांडे निर्दोष ठरते असे मात्र नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते. त्यामुळे रोजच्या स्वयंपाकासाठी बिनझिलईचे, घासून गुळगुळीत केलेले भांडे घ्यावे. ते थोडे पाझरते, लवकर काळे पडते आणि अधिक सांभाळावे लागते, पण त्यात शिशाची झिलई नसते. घरी आधीच एखादी चकाकती, खात्री नसलेली कासुएला असेल, तर ती भिंतीवर टांगावी, त्यात फळेही ठेवू नयेत. तिच्यात बरेच दिवस स्वयंपाक झाला असेल आणि घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल, तर डॉक्टरांना तसे सांगून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. लक्षणांची वाट पाहू नये. पातळी बरीच वाढेपर्यंत ती बहुधा दिसतच नाहीत.