लेबलवरचं वय नाही, ग्लासातली चव बोलते!



"सर, आपला ब्रँड नवीन. जुन्या कंपन्यांपुढे आपल्याला कोण विचारणार?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. आज उत्तर एका वेगळ्याच धंद्यात शोधूया: सिंगल माल्ट व्हिस्की. घाबरू नका, प्यायला सांगत नाहीये. माल पारखतात कसा, ते बघायचंय.

आधी गणित

सिंगल माल्ट म्हणजे मोड आणलेल्या सातूपासून, एकाच डिस्टिलरीत बनलेली व्हिस्की. ती ओकच्या लाकडी पिंपात मुरते आणि मुरता मुरता उडूनही जाते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला साधारण २ टक्के. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत मात्र १० टक्के किंवा जास्तच. म्हणजे १०० लिटर भरले, तर १२ वर्षांनी स्कॉटलंडमध्ये ७८ च्या आसपास उरतील, बेंगळुरूत जेमतेम २८! मग "१२ वर्षं जुनी" हे लेबल परवडणार कसं?

पण उष्णतेत लाकडाचा रंग आणि स्वाद लवकर उतरतो, त्यामुळे माल कमी वर्षांत तयार होतो. अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला बाजारात आणली. पुढे जिम मरे यांच्या 'व्हिस्की बायबल'च्या २०१० च्या आवृत्तीत 'अमृत फ्यूजन'ला जगात तिसरा क्रमांक मिळाला. २०१२ मध्ये गोव्याची 'पॉल जॉन'सुद्धा आधी ब्रिटनमध्येच उतरली. दोघांकडे मोठ्या वयाचा आकडा नव्हता. होती ती चव.

परीक्षक काय करतो?

'फ्यूजन'चंच उदाहरण घेऊ. यात भारतीय सातू आहे आणि पीटच्या धुरावर वाळवलेला स्कॉटिश सातूही.

१. रंग: बघायचा, पण भुलायचं नाही. अनेक व्हिस्क्यांमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी असते. गडद म्हणजे उत्तम, असं नसतं.

२. वास: तोंडाशी निमुळता ग्लास घ्यायचा, म्हणजे वास एकवटतो. नाक आत खुपसायचं नाही. सातूचा गोडवा आणि धूर वेगवेगळे ओळखू येतात का?

३. पाणी: 'फ्यूजन'मध्ये ५० टक्के अल्कोहोल असतं. थोडं पाणी घातलं की झणझण उतरते आणि दबलेले वास वर येतात. दोषही उघडे पडतात.

४. चव: छोटा घोट, जिभेवर फिरवायचा. एका वेळी बरेच नमुने असले की परीक्षक तो थुंकूनही टाकतात. घशात नुसती आग झाली, तर माल कच्चा. तोंड तुरट-कडू झालं, तर लाकूड जास्त चढलंय. गरम हवेत हा धोका मोठा, म्हणून पिंप कधी रिकामं करायचं, हा निर्णय लाखमोलाचा.

५. शेवट: घोट गेल्यावर चव किती वेळ राहते आणि कशी बदलते?

प्रत्येक पायरीला नोंद लिहायची. आणि "मला आवडली" व "चांगली आहे" ही दोन वाक्यं वेगळी ठेवायची. धुराचा वास न आवडणारा परीक्षकसुद्धा चांगल्या धुरकट व्हिस्कीला चांगले गुण देतो.

आता तुमची पाळी

तुमचा गोडा मसाला असो की लोणचं, तीन वाट्या घ्या. एकीत तुमचा माल, दोनमध्ये बाजारातले नावाजलेले. नावं झाका, फक्त १, २, ३ लिहा. घरच्यांना नको, ते कौतुकच करतील! दहा अनोळखी लोकांना द्या. वास, चव, मागे राहणारी चव, तिन्हीचे वेगळे गुण लिहून घ्या. मसाला असेल तर साध्या वरणात घालून द्या. तिखट-मिठाच्या आड लपलेलं तिथे लपत नाही.

तुमची वाटी शेवटची आली, तर पॅकिंगवर खर्च करू नका, आधी माल सुधारा. पहिल्या दोनात आली, तर "आम्ही नवीन आहोत" म्हणून भाव पाडू नका. गिऱ्हाइकाला आधी चव द्या, किंमत नंतर सांगा.

चला, लागा कामाला!