माणसांनी रचलेली अवघड वाट

कोइड अ ब्रेनिनच्या जंगलात काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड दर्जाच्या सायकलवाटेवर एखादं वळण संपतं आणि समोर धोंडेच धोंडे येतात. ओलसर, कडा वर आलेले, एकाला एक खेटून बसलेले. नवख्याला वाटतं, दरड कोसळली आणि कुणी उचलली नाही. पण त्यांतले कित्येक धोंडे माणसांनी निवडून, फिरवून, हवी ती बाजू वर ठेवून जमिनीत पक्के बसवलेले असतात. डोंगरातल्या सायकलिंगचं हे अंग बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. इथली अवघड जागा आपोआप तयार झालेली नसते, कुणीतरी ती विचारपूर्वक बांधलेली असते.

हे जंगल वायव्य वेल्समध्ये, डोल्गेथ्लाय गावाच्या उत्तरेला, एरिरी राष्ट्रीय उद्यानात आहे. विस्तार सुमारे ९ हजार एकर. मॉदाख नदी त्यातून वाहते आणि एके काळी इथे सोन्याच्या खाणीही होत्या. १९२२ साली ब्रिटनच्या वनखात्यानं इथली जमीन घेऊन लाकडासाठी झाडं लावली. १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त या जंगलाला कोइड अ ब्रेनिन, म्हणजे 'राजाचं जंगल', हे नाव मिळालं. पुढे १९९०च्या दशकात दाविथ डेव्हिस या वनखात्यातल्या माणसानं इथे खास माउंटन बाइकसाठी वाटा आखायला घेतल्या. तोवर सायकलवाले लाकूड वाहण्याच्या रुंद रस्त्यांवर किंवा चालणाऱ्यांच्या पायवाटांवर घुसत. ब्रिटनमधलं पहिलं 'ट्रेल सेंटर' म्हणून आज याच जागेचं नाव घेतलं जातं.

दगड का? कारण पाऊस. वेल्समध्ये तो बारमाही. मऊ मातीच्या वाटेवर चाकांची चाकोरी पडली की पाणी तीच धरून वाहू लागतं आणि बघता बघता वाटेचा ओढा होतो. म्हणून वाट उताराला सरळ खाली न सोडता आडवी नेतात, तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवतात आणि मधूनमधून तिला छोटे चढ देतात, म्हणजे पाणी फार वेळ वाटेवर टिकत नाही. वाटेचा चढ डोंगराच्या त्या जागच्या चढाच्या निम्म्याहून कमी असावा, असा एक ढोबळ नियम या कामात पाळतात. तरीही जिथे झीज होणारच, तिथे दगड जडवतात. म्हणजे सायकलस्वाराची भंबेरी उडवणारा दगडांचा पट्टा बऱ्याचदा मुळात वाट टिकवण्यासाठी असतो. गंमत नंतरची.

आता त्यावरून जायचं कसं? आधी सीट खाली. हल्ली हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली जाते. या छोट्या सोयीनं या खेळात जेवढा फरक पडला तेवढा महागड्या सस्पेन्शननंही पडला नसेल, असं माझं मत. दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा जरा खाली, कोपर बाहेर, गुडघे सैल. घोडेस्वार रिकिबीत उभा राहतो तसं उभं राहायचं आणि सायकलला आपल्याखाली हवी तशी हलू द्यायची. टायरमध्ये हवा कमी, साधारण २० ते २५ पीएसआय. त्यामुळे रबर दगडाला धरून राहतं.

पण खरी कसोटी नजरेची आणि ब्रेकची. ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे पाहिलं की चाक हमखास तिकडेच जातं. म्हणून नजर पुढे, बाहेर पडायच्या जागेवर. वेग दगडांच्या आधीच कमी करायचा आणि दगडांवर ब्रेक सोडून द्यायचे. ओल्या दगडावर पुढचं चाक लॉक झालं की पडणं ठरलेलं. मुळं आडवी आली तर शक्यतो काटकोनात ओलांडायची. आणि सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट म्हणजे फार हळू जाणं हाच इथे मोठा धोका. वेग नसला की पुढचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि स्वार हँडलवरून पुढे जातो.

वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे चढत्या क्रमानं दर्जे असतात. इथली 'ड्रॅगन्स बॅक' लाल आहे, 'बीस्ट ऑफ ब्रेनिन' काळी आणि सुमारे ३८ किलोमीटर लांब. निळी 'मायनरटॉर' दिव्यांगांच्या खास सायकलींनाही जाता येईल अशी बांधली आहे. या कामातला मला सर्वांत आवडणारा संकेत असा: चांगला आखणारा पहिली अवघड जागा वाटेच्या सुरुवातीलाच ठेवतो. ती ओलांडता आली नाही तर माणसानं तिथूनच परत फिरावं, मध्येच जंगलात अडकू नये. पुढच्या मोठ्या उडीच्या बाजूनंही शक्यतो सोपी वाट ठेवतात. भीती दाखवायची, पण फसवायचं नाही.

बांधलेल्या वाटांचा हा नमुना पुढे पसरला. २००१ मध्ये जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या साथीनं ब्रिटनमधल्या गावांचा धंदा बसला. त्यानंतर दक्षिण स्कॉटलंडमध्ये गावांना पर्यटनाचा आधार मिळावा म्हणून 'सेव्हन स्टेन्स' हा वाटांचा प्रकल्प उभा राहिला. त्यातल्याच ग्लेनट्रेसच्या जंगलात २०२३ ची जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा झाली. पुरुषांत टॉम पिडकॉक जिंकला, महिलांत पोलिन फेराँ-प्रेव्हो.

आपल्याकडच्या टेकड्यांवर चालणारे, गुरं आणि सायकलवाले एकाच पायवाटेवर असतात आणि पावसाळ्यात तिची घळ होते. बांधलेल्या वाटेचा विचार आपल्या वनखात्यालाही करण्याजोगा आहे.

मात्र अशी वाट एकदा बांधून भागत नाही. दर हिवाळ्यानंतर दगड पुन्हा बसवावे लागतात, पाण्याचे चर उपसावे लागतात, वादळात पडलेली झाडं हटवावी लागतात आणि त्याला सरकारी पैसा लागतो. २०२५ च्या मार्चअखेर वेल्सच्या निसर्गसंपदा खात्यानं पैशाच्या ओढाताणीपायी कोइड अ ब्रेनिनमधला कॅफे आणि दुकान बंद केलं. वाटा मात्र खुल्या राहिल्या. जाणार असाल तर डबा, जादा ट्यूब आणि पंप बरोबर न्या, आणि आधी निळी वाट करून मगच लाल वाटेकडे वळा.